जावयांच्या घराण्याची १६३५ पर्यंतची अमेरिकन वंशावळ सोलापुरात बसून कशी तपासावी?

सात_रस्ता

नमस्कार मंडळी. नातवाचं जावळ दिवाळीत सोलापुरात आहे. त्या वेळी दोन्हीकडच्या वंशावळी एकाच मोठ्या कागदावर छापून घ्यायच्या आहेत. आमच्याकडच्या सात पिढ्या पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीवरून तयार आहेत. जावई ओहायोचे. विहीणबाईंनी वंशावळीच्या एका संकेतस्थळावरून काढलेला, नातू धरून १३ पिढ्यांचा तक्ता पाठवला आहे. त्यात मूळपुरुष १६३५ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावी आला, वंशज १७०० च्या सुमारास कनेक्टिकटात गेले, १८०० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात आणि १८३० नंतर ओहायोत. व्याह्यांच्या आईचं माहेर व्हर्जिनियाचं, ती बाजू १६५० पर्यंत नेली आहे.

तीन गोष्टी खटकतात. एकाच बाईला २ एप्रिल १६५१ ला मुलगा आणि २० फेब्रुवारी १६५१ ला मुलगी दाखवली आहे. दुसरं, कनेक्टिकटात १७७८ साली जन्मलेला आणि न्यूयॉर्क राज्यात वारलेला एक जॉन आहे, त्याच्या आईवडिलांच्या नावापुढे आधार म्हणून फक्त "दुसऱ्या सभासदाचा तक्ता" असं आहे. आणि वर ढाल-शिरस्त्राणाचं घराण्याचं चिन्ह छापलं आहे, ते खरं मानायचं का?

चुकीचं काही छापायचं नाही. सुरुवात कुठून करू? इथे बसून कितपत होईल?

जुनं_दफ्तर

काकू, बरंच काम इथे बसून होतं, आणि निम्म्याहून अधिक फुकट होतं. फक्त तक्ता वरून खाली वाचू नका. नातवापासून वर चढा, आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: हा माणूस त्या माणसाचा मुलगा होता, असं सांगणारा त्या काळातला कागद कोणता? जन्मतारीख आणि लग्नाची तारीख मिळाली म्हणजे नातं सिद्ध झालं असं होत नाही. तारखा दोन वेगळ्या जॉनच्या असू शकतात.

सगळ्यांना वाटतं १६०० च्या काळातलं अवघड असेल. न्यू इंग्लंडात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांत, उलट आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६३९ पासून जन्म, लग्न, मृत्यू आणि मृत्युपत्रांची नोंद ठेवायचा कायदा होता. गावोगावच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुढे आडनावांच्या क्रमाने पुस्तकरूपात छापल्या गेल्या. १६२० ते १६३५ या काळात आलेल्या वसाहतकऱ्यांवर तर बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जेनिऑलॉजिकल सोसायटीने (स्थापना १८४५) 'ग्रेट मायग्रेशन' नावाचा अभ्यास प्रकल्प चालवला. माणसागणिक टिपण आहे, प्रत्येक विधानाला आधार दिला आहे. तुमचा माणूस खरोखर १६३५ चा असेल तर तो त्यात असायला हवा. त्या टिपणात मूळ ठिकाण "अज्ञात" असं असेल आणि तुमच्या तक्त्यात मात्र इंग्लंडातलं गाव, आईबाप, आजोबा सगळे असतील, तर ते वरचं सगळं काढून टाका. इंग्लंडच्या एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, त्याच नावाचा बाप्तिस्मा सापडला की तोच आपला म्हणून चिकटवायचा, हा फार जुना रोग आहे.

खरा खड्डा १७८० ते १८५० मध्ये आहे, म्हणजे नेमका तुमच्या १७७८ च्या जॉनपाशी. कारण समजून घ्या. क्रांतियुद्धानंतर, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, कनेक्टिकटची जमीन पुरेना, तरुण पोरं पश्चिमेला निघाली. मागच्या गावात जन्माची नोंद राहिली, पुढच्या गावात मृत्यूची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. न्यूयॉर्कात राज्यभर नोंदणी १८८० च्या आसपास सुरू झाली. केंद्राची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी आहे, पण १८४० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यात नुसत्या आकड्यांनी. उदाहरणार्थ १८१० च्या पानावर १० च्या आतले, १० ते १६, १६ ते २६, २६ ते ४५ आणि ४५ च्या वरचे, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासून. कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि आईबापांचा जन्म कुठल्या राज्यातला, हे १८८० पासून. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरलीच नाही. सगळ्यात अलीकडची खुली आहे ती १९५० ची.

म्हणून क्रम असा ठेवा. जावई, व्याही आणि त्यांचे वडील यांचे दाखले विहीणबाईंकडून मागवा. त्यावरची पिढी १९५० च्या आणि आधीच्या जनगणनांत बघा. ओहायोतली राज्याची मृत्यू प्रमाणपत्रं डिसेंबर १९०८ पासून आहेत, त्यांवर आईचं माहेरचं नाव असतं. त्याआधीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत १८६७ पासून. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की यातलं बरंच मूळ पानाच्या चित्रासकट दिसतं. १८५० पर्यंत असे चढलात की जॉनच्या दारात पोचलात.

जॉनसाठी चार ठिकाणं, आणि माझ्या मते याच क्रमाने.

पहिलं, न्यूयॉर्कातली त्याच्या मृत्यूनंतरची वारसाची फाइल. ती काउंटीच्या सरोगेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणाऱ्या कोर्टात, असते. १८३० नंतरच्या अर्जात सगळे वारस आणि त्यांचे राहण्याचे पत्ते लिहावे लागत. मृत्युपत्राची नक्कल बघून लोक थांबतात, अर्जाचा कागद बघतच नाहीत. ओहायोत गेलेला मुलगा त्यात सापडला की खालची कडी पक्की.

दुसरं, कनेक्टिकटातले जमिनीचे दस्त. तिथे दस्त काउंटीला नोंदत नाहीत, गावाच्या क्लार्ककडे नोंदतात. बाप वारल्यावर न्यूयॉर्कात गेलेला मुलगा आपला हिस्सा भावाला सोडून देतो, अगदी आपल्या हक्कसोडपत्रासारखं. अशा दस्तात "ओनायडा काउंटी, न्यूयॉर्क राज्य येथे राहणारा मी जॉन, माझे मयत वडील सॅम्युअल यांच्या जमिनीतला माझा सातवा हिस्सा" अशा अर्थाची ओळ असते. नवं गाव, जुनं गाव आणि बाप, तिन्ही एका वाक्यात. शिवाय सातवा हिस्सा म्हटल्यावर साधारण सात वारसांचा अंदाज येतो. पण थांबा: मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटात मृत्युपत्र नसेल तर जुन्या काळी थोरल्या मुलाला दुप्पट वाटा असे, म्हणजे सात हिस्से सहा मुलांतही पडतात. घेणाऱ्याच्या नावाची सूची आणि देणाऱ्याच्या नावाची सूची वेगळी असते, तुम्हाला देणाऱ्याची हवी.

तिसरं, बाप क्रांतियुद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल. १८३२ च्या कायद्याखाली अर्जदाराला कोर्टात उभं राहून जन्म कुठे आणि कधी झाला, भरतीवेळी कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिला, हे शपथेवर सांगावं लागे. १८३६ पासून विधवांच्या मागणीचा मार्ग रुंदावला. लग्न सिद्ध करायला बायकांनी घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान फाडून जोडलेलं असतं, मुलांच्या जन्मतारखांसकट. ही पानं आजही त्या फाइलींत आहेत.

चौथं, काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चची वही. गाव सोडताना सभासद नव्या गावच्या चर्चच्या नावाने पत्र घेऊन जात, त्याची नोंद दोन्हीकडे होते.

कनेक्टिकटच्या १८५० पर्यंतच्या नोंदींची बार्बर सूची तुम्हाला लगेच सापडेल. ती वापरा, पण ती गोषवारा आहे, मूळ वही बघितल्याशिवाय तारीख छापू नका. आणि एकाच गावात त्याच नावाची चार मुलं पाच वर्षांच्या आत जन्मलेली दिसली तर प्रत्येकाचा पुढचा माग काढा: कोण लहानपणीच गेला, कोण गावातच राहून वारला, कोणाची बायको कोण. उरेल तो तुमचा असण्याची शक्यता आहे. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची तिथे सर्रास पद्धत होती, हेही लक्षात असू द्या.

बाळीवेस

काकू, एप्रिल-फेब्रुवारीच्या कोड्याचं उत्तर देते, त्यात चूक काहीच नाही. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आपलं चैत्रात बदलतं तसं. म्हणजे १६५१ सालात एप्रिल आधी येतो आणि फेब्रुवारी शेवटी. मुलगा २ एप्रिल १६५१ चा, मुलगी आजच्या हिशेबाने २० फेब्रुवारी १६५२ ची. मध्ये साडेदहा महिने. १ जानेवारी ते २४ मार्च यांमधली तारीख असेल तर ती १६५१/५२ अशी दोन्ही वर्षं घालून लिहायची रीत आहे, तुमच्या कागदावरही तशीच छापा. दिवस मात्र पुढे-मागे करू नका. १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, ते अकरा दिवस जुन्या तारखांत मिळवायचा मोह अनेकांना होतो, आणि मग निम्म्या तारखा मूळ वहीशी जुळत नाहीत.

महिने आकड्यांनी लिहिलेले असतात. "पहिला महिना" म्हणजे मार्च, "बारावा" म्हणजे फेब्रुवारी. ७ आकडा आणि पुढे "बर" (ber) ही अक्षरं दिसली तर तो सप्टेंबर, ८ असेल तर ऑक्टोबर, १० असेल तर डिसेंबर. संगणकावरच्या तक्त्यांत सातव्या महिन्याला जुलै केलेलं हमखास सापडतं.

मृत्युपत्रं वाचताना नात्यांचे शब्द जपून घ्या. सन-इन-लॉ हा त्या काळी सावत्र मुलगाही असतो. कझिन म्हणजे पुष्कळदा भाचा किंवा पुतण्या. सीनियर आणि ज्युनियर हे बापलेक असतीलच असं नाही: गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, आणि तो वारला की कालचा ज्युनियर आजचा सीनियर होतो. मिसेस ही तेव्हा प्रतिष्ठेची पदवी होती, कुमारिकेलाही लागे. "माझी आत्ताची बायको" असं लिहिलं म्हणजे आधी एखादी होतीच, असा अर्थ काढू नका. आणि एखाद्या मुलीचं नाव मृत्युपत्रात नसेल तर ती मुलगीच नव्हती असं समजू नका. लग्नात तिचा वाटा देऊन झालेला असे.

अक्षराचं म्हणाल तर १६५० च्या आधीचं हस्ताक्षर पहिल्यांदा लागत नाही. एच ओळीच्या खाली उतरतो, ई उलटा वळतो, सी हा आर सारखा दिसतो, नावाच्या सुरुवातीचे दोन छोटे एफ म्हणजे एक मोठा एफ, आणि जे-एन-ओ हे लघुरूप जॉनचं आहे, जॉनाथनचं नाही. आधी त्याच कारकुनाने लिहिलेली ठरावीक वाक्यं वाचा. मृत्युपत्राची सुरुवात बहुतेक "देवाच्या नावाने, आमेन" अशीच असते, त्यावरून एकेक अक्षराचं वळण कागदावर उतरवून घ्या, आणि मग नावांकडे वळा.

ढालीचं चिन्ह काढून टाका. इंग्लंडात असं चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या सिद्ध झालेल्या वंशजांना मिळे. आडनाव सारखं म्हणून ते लावता येत नाही.

होटगी_नाका

व्हर्जिनियाच्या बाजूबद्दल लिहितो, कारण तिथे वरचे नियम चालत नाहीत.

गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्या तिथे नाहीत. राज्याची नोंदणी १८५३ ची. त्याआधी अँग्लिकन पॅरिशच्या वह्या, त्याही थोड्याच टिकल्या. बऱ्याच काउंट्यांची दफ्तरं जळाली आहेत. काहींनी तर यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून वह्या रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ च्या आगीत त्या तिथेच गेल्या. तुमची काउंटी त्यातली निघाली तर शेजारच्या काउंटीची दफ्तरं बघा, आणि ती काउंटी कुठल्या जुन्या काउंटीतून फुटून निघाली तेही बघा. घर हललं नाही तरी काउंटी बदललेली असते.

तक्त्यात "१६५० ला आला" असं आहे ते बहुधा हेडराइटच्या यादीवरून असेल. माणशी प्रवासखर्च भरणाऱ्याला ५० एकर जमिनीचा हक्क मिळे, आणि जमिनीच्या सनदेत त्या माणसांची नावं येत. पण हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं राखून ठेवून मग वापरले जात, आणि दोनदा प्रवास केलेला माणूस दोनदा मोजला जाई. म्हणून त्या तारखेचा अर्थ एवढाच घ्या: माणूस त्याच्या आधी कधीतरी आला. ज्याच्या नावावर सनद आहे तो त्या माणसांचा नातेवाईक असेलच असंही नाही.

तिथे नातं सिद्ध होतं ते जमीन आणि कर यांवरून. मृत्युपत्र नसेल तर १७८५ च्या कायद्याने पद्धत बदलेपर्यंत सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. म्हणून एखादा माणूस जमीन विकतोय आणि त्याने ती विकत घेतल्याचा दस्त कुठेच नाही, असं दिसलं तर ती बहुधा वारशाने आली आहे. मृत्युपत्र असूनही थोरल्याचं नाव त्यात नसतं, कारण कायद्याने त्याचं त्याला मिळणारच होतं. विक्रीच्या वेळी बायको आपला डावर हक्क, म्हणजे विधवेचा तिसरा हिस्सा, सोडते. तिचं नाव समजण्याची कित्येकदा तेवढी एकच जागा. १७८२ पासून दरसाल वैयक्तिक मालमत्ता कराच्या याद्या आहेत. एका माणसाच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी एकाखाली एक लिहा: शेजारी तेच, मग त्याच आडनावाचा तरुण २१ चा होऊन स्वतःच्या नावाने आला, मग म्हाताऱ्याच्या नावापुढे "इस्टेट" लागलं, म्हणजे तो वारला. एखादं वर्ष बघून यातलं काही कळत नाही.

एक सांगावंसं वाटतं. व्हर्जिनियातल्या मालमत्तेच्या याद्यांत गुलाम केलेल्या माणसांची नावं, वयं आणि किमती लिहिलेल्या असतात. ती पानं ओलांडू नका, नावं जशीच्या तशी उतरवून ठेवा. त्यांच्या वंशजांना आपला माणूस शोधायला कित्येकदा तेवढाच कागद उरलेला असतो. फॅमिलीसर्चवर त्या पानाचा दुवा जोडून ठेवलात तरी कोणाला तरी उपयोग होईल.

सात_रस्ता

खूप आभार सगळ्यांचे. फॅमिलीसर्चवर खातं उघडलं. पण काही पानं उघडत नाहीत, कुलूप दिसतं. आणि विहीणबाई म्हणतात, डीएनए तपासणी करून टाकू, एका फटक्यात कळेल. करावी का?

जुनं_दफ्तर

कुलपाची पानं तीन प्रकारची असतात. काही कुठेच उघडत नाहीत. काही फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातल्या संगणकावरच उघडतात. विहीणबाईंच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारायला सांगा. काही दुसऱ्या सशुल्क संकेतस्थळावर नेतात. अशा ठिकाणी वर्षभराची वर्गणी आधी भरू नका. कोणती पानं हवीत त्याची यादी तयार झाली की एका महिन्याची घ्या आणि त्या महिन्यात सगळं उतरवून ठेवा. डॉलरमध्ये पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहे का ते बँकेत बघून घ्या, आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, ती थांबवायला विसरू नका.

फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखिताचा मजकूर यंत्राने वाचून शोधता येतो, त्याला फुल टेक्स्ट म्हणतात. सूचीत नसलेली नावं त्यात सापडतात: साक्षीदार, शेजारी, जामीन. आडनावाआधी अधिकचं चिन्ह घाला, पूर्ण नाव हवं असेल तर अवतरणात. यंत्र चुकीचं वाचतं, म्हणून आडनावाची चारपाच वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा. त्या काळी स्पेलिंग ठरलेलं नव्हतंच.

गावच्या क्लार्कला ईमेल करताना एकच माणूस, एकच नोंद आणि पाच वर्षांचा पट्टा एवढंच विचारा. "घराण्याची सगळी माहिती पाठवा" याला उत्तर येत नाही. फोन करायचा तर तिकडचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ.

बाळीवेस

डीएनएबद्दल. नुसतं "इतके टक्के इंग्लिश" या उत्तराने तुमच्या प्रश्नाला काही उपयोग नाही. नेहमीची तपासणी चारपाच पिढ्यांपर्यंत चांगली. चौथ्या चुलतभावंडांत निम्म्याच जोड्यांमध्ये काही जुळतं, आणि दहा पिढ्या वर १०२४ पूर्वज येतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांचा काही अंशही नातवात उरलेला नसतो. त्यामुळे १६३५ चा माणूस यातून सिद्ध होणार नाही.

एक तपासणी मात्र तुमच्या जॉनसाठी कामाची आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावाबरोबर. व्याह्यांची वाय तपासणी करा, आणि कनेक्टिकटातच राहिलेल्या त्याच आडनावाच्या शाखेतला एखादा पुरुष वंशज तयार असेल तर त्याचीही. जुळलं तर दोघे एका घराण्याचे, पण नेमका बाप कोण, हे तरीही कागदच सांगणार. जुळलं नाही तर कागद पुन्हा उघडायचा: दत्तक, सावत्र बापाचं आडनाव किंवा चुकीचा जॉन, यातलं काहीतरी असेल. आणि तपासणीआधी सगळ्यांना सांगा की अनपेक्षित नातेवाईकही समोर येऊ शकतात. ज्याला नको असेल त्याला आग्रह करू नका.

कागदावर मांडताना क्रमांकांची जुनी पद्धत वापरा. नातू १. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुपटीत एक मिळवून. म्हणजे जावई २, तुमची मुलगी ३, व्याही ४, विहीणबाई ५, तुमचे यजमान ६, तुम्ही ७. व्हर्जिनियाची बाजू ९ पासून वर. इप्सविचचा मूळपुरुष, आडनावाच्या सरळ रेषेत तेराव्या पिढीत असेल तर ४०९६. एवढे सगळे चौकोन कागदावर मावत नाहीत, म्हणून फक्त माहीत असलेल्यांचे छापा. क्रमांकावरून जागा कळतेच.

जुनं_दफ्तर

आणि दिवाळीपर्यंत जॉनची कडी जुळली नाही तर तक्ता अडवून ठेवू नका. १७७८ च्या जॉनपर्यंत सलग रेघ छापा, जॉन आणि त्याचे आईवडील यांच्यामध्ये तुटक रेघ, आणि त्या तुटक रेघेशेजारी लहान अक्षरात लिहा: "वारसाची फाइल आणि हक्कसोड दस्त तपासणे बाकी." वरच्या पिढ्या फिक्या शाईत. खाली प्रत्येक क्रमांकापुढे आधाराचा कागद, गाव, खंड आणि पान लिहून एक वेगळं पान जोडा.